ट्रान्सफॉर्मर नको म्हणणारा तो १००० वॅटचा व्हिडिओ: कृपया बनवू नका

"घरच्या घरी १००० वॅटचा अँप्लिफायर, ट्रान्सफॉर्मर नको, खर्च फक्त १५० रुपये" हा व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. मग रात्री ताईचा फोन, तुझा भाचा हेच करत बसलाय, गणपतीच्या आरासीला लावायचंय म्हणतो, ४४४० या अँप्लिफायरच्या आयसीचा बोर्ड आणलाय, आता फक्त वायर प्लगला जोडायची राहिलीये. त्याला तेव्हाच्या तेव्हा थांबवलं, पण हा व्हिडिओ अजून किती पोरांकडे गेला असेल म्हणून सगळं इथे लिहितोय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, त्याचं म्हणणं असं: लाईनच्या वायरमध्ये २२५ जे, ४०० व्होल्टचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाका, पुढे चार डायोड, १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज १२ वर रोखणारा डायोड) आणि फिल्टर (डीसी सपाट करणारा मोठा कपॅसिटर), झाला पॉवर सप्लाय. ४४४० आयसी ब्रिज केला, म्हणजे त्याचे दोन्ही चॅनेल मिळून एका स्पीकरला जोडले, की १००० वॅट. फिल्टरचा कपॅसिटर मोठा टाकला की बेस डबल. बेस-ट्रेबलचा बोर्ड लावला की पॉवर अजून वाढते. आणि हीट सिंक (आयसीची उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लावला नाही तरी चालतो.

सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मर, कारण बाकीच्या चुकांनी आयसी जळेल, या चुकीने माणूस जाईल. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज कमी करत नाही, तो तुमचं सर्किट घरच्या लाईनपासून तोडतो. लाईनकडची गुंडाळी (प्रायमरी) वेगळी, सर्किटकडची (सेकंडरी) वेगळी, मधे वायर नाही. कपॅसिटरवाल्या सप्लायमध्ये असं काहीच तुटलेलं नाही. सर्किटचं ग्राउंड एका डायोडपलीकडे थेट घरच्या वायरिंगवर बसलेलं असतं, आणि प्लग उलटा लागला की ते थेट २३० व्होल्टच्या लाईनवर येतं, सुलटाच लागेल याची खात्री नाही. आता ते ग्राउंड कुठे कुठे जातं बघा. ऑक्स पिनच्या बाहेरच्या धातूवर, म्हणजे तुमच्या मोबाईलपर्यंत. स्पीकरच्या वायरींवर, ज्या आरासीत पताकांमागून उघड्या फिरवलेल्या असतात. आणि व्हॉल्यूमच्या पॉटवर (आवाज कमी-जास्त करायचा फिरता कंट्रोल), कारण घूं आवाज जावा म्हणून आपण सगळेच पॉटची बॉडी ग्राउंडला सोल्डर करतो. नॉब निघाला की उरतो तो धातूचा दांडा, प्लग उलटा असेल तर त्याला टेस्टर लावला की टेस्टर पेटतो. तिथे पोरगं हात लावणार, अनवाणी, पुसलेल्या ओल्या फरशीवर.

आणि एमसीबी पडेल या भरवशावर राहू नका. एमसीबी ६ किंवा १६ अँपियरची असते, माणसातून शंभर-दीडशे मिलिअँप गेले तरी तिला पत्ता लागत नाही, आणि हृदय बिघडायला तेवढे पुरतात. ३० मिलिअँप करंट बाहेर गळला तरी लाईन तोडणारी आरसीसीबी असते, ती आपल्याकडच्या किती जुन्या घरांत आहे ते ज्याने त्याने बोर्ड उघडून बघावं.

व्हिडिओखाली एकाने लिहिलंय की एलईडी बल्बमध्ये आणि डास मारायच्या बॅटमध्ये पण हेच असतं. हो, बऱ्याच स्वस्त बल्बांत आणि बॅटच्या चार्जिंगमध्ये हेच असतं. पण ते प्लास्टिकमध्ये बंद असतं, त्यातून माणसाने हातात धरायची वायर बाहेर येत नाही. अँपमधून सगळ्याच वायरी बाहेर येतात.

बरं एवढा जीव धोक्यात घालून मिळतं काय? २२५ म्हणजे २.२ मायक्रोफॅरड. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण १४५० ओहम, म्हणजे २३० व्होल्टवर फार तर १६० मिलिअँप. १२ व्होल्टला गुणा, दोन वॅटसुद्धा होत नाहीत. वर आयसीची वायर सुटली तर तो सगळा करंट झेनरवर, आणि व्हिडिओतला झेनर एक वॅटचा आहे. तो जळून ओपन झाला की २५ व्होल्टच्या फिल्टर कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट चढतात आणि तो फुटतो, तोंडासमोर.

१००० वॅटसाठी वेगळा वाद घालायची गरजच नाही. सान्योच्या डेटाशीटमध्ये सुरुवातीलाच लिहिलंय, एलए ४४४० म्हणजे ६ वॅटचे दोन चॅनेल, ब्रिजमध्ये १९ वॅट. तेही १३.२ व्होल्टवर, ४ ओहमला, १० टक्के डिस्टॉर्शन धरून, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा आकडा. ज्यांनी आयसी बनवला ते १९ म्हणतायत आणि हा १०००. बारा व्होल्टवर हजार वॅट काढायचे तर ८३ अँपियर लागतील, ते तुमच्या त्या बोटभर वायरीतून जाणारेत का?

मोठ्या कपॅसिटरचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. फिल्टरला १००० मायक्रोफॅरड असेल आणि एक अँपियर ओढला तर रिपल, म्हणजे सप्लायमधला चढउतार, आठ-दहा व्होल्टवर जातो, ४७०० केला की दोनाच्या आसपास येतो. घूं कमी होते, ढोलाच्या ठोक्याला व्होल्टेज बसत नाही. पण हे ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला, १६० मिलिअँपच्या सप्लायला कितीही मोठा लावा, काय उपयोग.

टोन कंट्रोल, म्हणजे तो बेस-ट्रेबलचा बोर्ड, पॉवर वाढवत नाही, उलट मागतो. पीटर बॅक्सॅन्डॉल या इंग्रज इंजिनीअरने १९५२ मध्ये जे सर्किट छापलं त्याच घराण्यातले हे ४५५८ आयसीचे बोर्ड, पॉट मधोमध असला की सगळं सपाट, फिरवला की बेस किंवा ट्रेबल वरखाली. बेस १० डीबी वाढवला की तिथे अँपला दहापट पॉवर लागते. १९ वॅटवाला कुठून देणार? तो फाटतो, आणि लोकांना वाटतं पॉवर वाढली.

हीट सिंकचं एवढंच, लावा. पेस्ट लावून, स्क्रू घट्ट आवळून.

भाच्याला सांगितलंय तेच सगळ्यांना. बीआयएसचा छाप असलेला १२ व्होल्ट ३ अँपियरचा तयार अडॅप्टर घ्या, पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. अडॅप्टरच्या प्लसमध्ये ३ अँपियरचा फ्यूज. टोन बोर्डाकडे जाणारी वायर शील्डची (बाहेरून धातूच्या जाळीचं आवरण असलेली), शील्ड एकाच बाजूला ग्राउंड करा. ४ ओहमचा चांगला स्पीकर, नीट बंद पेटीत. एवढ्यात घरातल्या आरतीला हवा तेवढा आवाज होतो.