एकाला नोटेवर जागा, दुसऱ्याला बिळात औषध

सकाळपासून डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार. कंटाळा आला तर पुढे सरका.

इथे अर्जेंटिनात नेकोचेआला समुद्राकाठी सुट्टीत आम्ही ज्यांचं घर भाड्याने घेतो, त्या घरमालकांचा मेसेज आला. वर ओर्नेरोच्या नव्या घरट्याचा फोटो आणि लाल बदाम. खाली एक ओळ: बिळांत औषध टाकलंय, आता हिरवळ छान राहील. एकाच मेसेजात!

ओर्नेरो हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय पक्षी, 1928 पासून. 2017 मध्ये हजार पेसोच्या नोटेवरही आला. चिखल, शेण, गवत आणून नर-मादी खांबावर भट्टीसारखं घरटं बांधतात. आत आडभिंत घालतात, दारातून थेट पिल्लांपर्यंत कुणी पोचू नये म्हणून. दोघं जोडीने गातातही झकास. लाड होणारच.

आणि बिळातला तुको-तुको, जमिनीखाली बीळ करून राहणारा उंदरासारखा प्राणी? तोही मातीतच राबतो की! गेल्या सुट्टीत संध्याकाळी वाळूच्या टेकडीपाशी बसले होते, तर पायाखालून ठक-ठक आवाज. मग बिळाच्या तोंडाची वाळू हलली, नारिंगी दात दिसले, गवताची एक काडी खसकन आत गेली. मी हसले. घरमालक मात्र वर खांबावरचं घरटं दाखवत बोलत होते आणि बोलता बोलता बुटाने तेच बीळ दाबत होते. तो बूट काही डोळ्यांपुढून जात नाही.

बरं बाबा, लॉनची वाट लावतो, मान्य.

आणि आपण तरी कुठले मोठे? गणपतीपुढच्या उंदराला मोदक, ओट्याखालच्याला गोळी. पण तो निदान आपल्या डब्यात तोंड घालतो. हा गवत-मुळं खाऊन जगतो हो. ओर्नेरो इथे खांबाखांबावर आहे, त्याला आपल्या बदामाची गरजच नाही. या जातीच्या तुको-तुकोकडे मात्र ब्युनोस आयर्स प्रांताच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांची एक पट्टी आहे, जगात दुसरीकडे कुठेच तो नाही. त्या पट्टीवर आपण घरं बांधली, पाइन लावले, आणि वर त्यालाच घुसखोर म्हणायचं?

घरमालक तसे वाईट नाहीत. माझ्या लेकीला ओर्नेरो आवडतो म्हणून फोटो पाठवला, हेही कळतं मला. पण बूट आठवला की पुन्हा तिडीक जाते.

उत्तरात फक्त विचारलंय, औषध कुठलं टाकलंत? निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. पुढच्या सुट्टीत मी तिथे जाणार नाही. नवरा म्हणतो, समुद्राच्या इतकं जवळ या भाड्यात दुसरं मिळणार नाही. नाही तर नाही.