'पोरांना काय कळतं?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नववीच्या मुलांनी आपल्या ट्रान्स (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला मुलगी म्हणून ओळखणाऱ्या) मैत्रिणीसाठी मुख्याध्यापिकांना अर्ज दिला, त्यावर मी लिहिलं होतं. 'एक जागरूक पालक' या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा इतका संताप आला, की दोन दिवस काही लिहायचं नाही असं ठरवलं.

तुमचं म्हणणं असं: चौदा वर्षांच्या पोरांना यातलं काय कळतं, कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय, अशी मुलं असतात तरी किती, त्या मुलीला न विचारता तिचा गाजावाजा झाला, कायद्याचं कलम मी चुकीचं दिलं, आणि 'ही थेरं पुण्याच्या शिक्षणपरंपरेला शोभत नाहीत'.

कलमाचं आधी. चूक माझी. शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता खेळ-करमणुकीसह शिक्षण द्यायचं, हे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यात कलम १३ मध्ये आहे. मी ३ लिहिलं होतं. कलम ३ भेदभावाला मनाई करतं आणि त्यातही शाळा आल्याच, पण आकडा चुकला तो चुकला. दुरुस्त केलाय.

आता 'थेरं'. त्या अर्जात मागण्या दोनच होत्या. पीटीच्या तासाला मुलांची आणि मुलींची अशा रांगा न लावता उंचीप्रमाणे लावा. आणि शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिला दर वेळी शिपायांकडे, सगळ्यांदेखत मागावी लागू नये. दिवसभर पाणी न पिणारी मैत्रीण शेजारच्या बाकावर बसते, हे मुलांना दिसलं आणि त्यांनी वहीच्या कागदावर लिहून दिलं. याला तुम्ही थेरं म्हणता? घरी आपल्या मुलांसमोरही हाच शब्द वापरता?

आणि परंपरा कुठली म्हणताय? आगरकरांसारख्या शिक्षकाची जिवंतपणी प्रेतयात्रा याच शहरात निघाली होती. तीही परंपराच.

'पोरांना काय कळतं' या वाक्याने मला जास्त लागलं, कारण मी चौदा वर्षांची होते तेव्हा मला सगळं कळत होतं. पेठेतल्या एका शाळेत होते मी. वर्गात एक मुलगा होता. 'मुलगा' म्हणते, कारण दुसरं काही विचारावं हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. तो आम्हा मुलींबरोबर सागरगोटे खेळायचा. मधल्या सुट्टीत त्याचा डबा पळवायचे, पाठीवर खडूने 'बायल्या' लिहायचे. एकदा तो तसाच फळ्यापर्यंत गेला, गणित सोडवलं, परत आला. सर हसले, म्हणून वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होते. उठून डस्टरने ते पुसायला दोन पावलं पुरली असती. मी उठले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. बाईंनी हजेरीपटावर त्याच्या नावावर लाल रेघ मारली. बाविसानंतर एकदम चोवीस. पहिले काही दिवस तिथे कुणीतरी खुदकन हसायचं, मग तेही थांबलं. आम्हाला कळत होतं हो, बोलायची हिंमत नव्हती. या मुलांना ती आहे, आणि तुम्ही विचारता भरवलं कुणी! शिक्षकांसाठी याच विषयावर एनसीईआरटीने २०२१ मध्ये पुस्तिका काढली, तर हरकती आल्या आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून काढावी लागली. मोठ्यांना जे धड वाचूही दिलं गेलं नाही, ते मुलांच्या डोक्यात कोण भरवणार?

'असतात किती' याचं उत्तर हवंच असेल तर घ्या. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद झालेली सहा वर्षांपर्यंतची मुलं देशात ५४,८५४ होती. ही माहिती कुठल्या चळवळीने नाही, घरच्यांनी दारात आलेल्या प्रगणकाला दिली. आणि समजा देशात एकच असती, तरी तिला तहान लागलीच असती ना?

तिला विचारलं होतं का वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. रोज डबा वाटून खाणाऱ्या मैत्रिणी आहेत, विचारलंच असेल. मी शाळेचं नाव दिलेलं नाही, कुणाचंही दिलेलं नाही. तुम्हाला तिची खरंच काळजी असती, तर पुढच्याच ओळीत 'असले प्रकार' हे शब्द आले नसते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ती मुलं कधी ना कधी हे वाचतील. त्यांनी तीही वाचावी. पुन्हा लिहायचं असेल तर नावानिशी लिहा. त्या अर्जाखाली सतरा मुलांनी सह्या केल्या आहेत, हजेरी क्रमांकासकट.