हिरवा ठिपका आणि व्हीगन पास्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, व्हीगन म्हणजे दूध, अंडं, मध असं प्राण्यांकडून आलेलं काहीच नसलेला पास्ता निवडण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "ताई, पाकिटावर हिरवा ठिपका असला की झालं. उगं लोकांना भ्या दाखवून पाकिटं वाचायला लावता. हुशारी पाजळण्यापेक्षा आपल्या शेवया खा म्हणा. हे चोचले लातुरात कुणाला परवडतात?"

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण "हुशारी पाजळणं" हा शब्द लागला. अन्नप्रक्रिया हा विषय मी शिकले, तोच शिकवते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ते सोप्या मराठीत सांगितलं तर त्यात पाजळणं कुठं आलं? भ्या दाखवणारं एक तरी वाक्य लेखातून काढून दाखवा. साधा सुका पास्ता बहुतेक वेळा व्हीगनच असतो, असं मी सुरुवातीलाच लिहिलंय. डुरम या कडक जातीच्या गव्हाचा रवा आणि पाणी, बस्स. तुम्ही तेवढंही वाचलेलं दिसत नाही.

आता ठिपक्याचं. आपल्याकडच्या नियमात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांस, मासे, अंडं यातलं काही असलं की तपकिरी त्रिकोण येतो. दूध, दुधाचे पदार्थ, मध आणि मेण मात्र मांसाहारात धरत नाहीत. म्हणजे चीज पावडर घातलेल्या पास्त्यावरही हिरवा ठिपकाच असणार, आणि तो नियमाप्रमाणे बरोबरच असणार. अंड्यापुरता तो ठिपका तुम्हाला नक्की वाचवतो. दुधापुरता त्याचा काही उपयोग नाही. व्हीगन माणसाचा प्रश्न नेमका दुधाचा आहे.

घोळ होतो तो मसाला पास्त्याच्या पाकिटात. पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत पास्ता वेगळा आणि मसाला वेगळा दिलेला असतो. पास्त्यापुढं रवा, मसाल्यापुढं मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, चीज पावडर, कधी सोडियम केसिनेट. ही सगळी दुधाची लेकरं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळं दूध शेवटी, अगदी थोडं असलं तरी असतंच. एवढं वाचायचा कंटाळा असेल तर यादीखालची 'कंटेन्स' ही ओळ बघा. तिथं 'व्हीट' एकटं असेल तर घ्या, 'मिल्क' असेल तर ठेवून द्या. 'मे कंटेन मिल्क' ही वेगळी गोष्ट: त्याच कारखान्यात दुधाचा मालही बनतो, एवढाच तिचा अर्थ. ॲलर्जी असलेल्यानं ते टाळावं, व्हीगन माणसानं घाबरू नये.

उगं भिऊ नये अशा आणखी दोन गोष्टी लेखात होत्या. लॅक्टिक ॲसिड नावानं दुधाचं वाटतं, पण ते सहसा वनस्पतीची साखर आंबवून काढतात. आणि सुक्या पास्त्याचा पिवळा रंग म्हणजे अंडंच असं नव्हे, तो डुरम गव्हाचाही रंग आहे. 2022 च्या व्हीगन नियमांपासून वेगळं हिरवं चिन्हही आलंय, पण ते नसलं म्हणून माल व्हीगन नाही असं होत नाही.

जिथं पाकीटच नसतं तिथं मात्र विचारायलाच पाहिजे. हॉटेलातला ताजा पास्ता बहुधा अंड्यात मळलेला असतो. इटलीत अंड्याचा पास्ता म्हणून विकायचा तर किलोभर रव्याला किमान 4 अंडी, वजनानं 200 ग्रॅम, असा कायदाच आहे. टॅग्लियातेले, पापार्देले असल्या रुंद पट्ट्यांच्या पास्त्यात अंडं जास्त वेळा सापडतं. आयात केलेल्या पाकिटावर 'अल्लुओवो' लिहिलेलं असेल तर ते अंड्याचंच. रॅव्हिओलीत बहुधा चीज किंवा मांस भरलेलं असतं.

तुमचं एक मान्य. लातूरच्या गंजगोलाई बाजारात डुरमचा पास्ता मिळेल, पण तालुक्याच्या किराण्यात बऱ्याचदा मैद्याचाच मिळतो आणि डुरमचा महाग पडतो, हे मी लिहायला हवं होतं. मैद्याचा पास्ताही व्हीगन असू शकतो. फक्त त्याला पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवा, नाहीतर कडा झडतात आणि लगदा होतो. 100 ग्रॅमला 1 लिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ. एक तुकडा तोडून बघा. मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसला की गाळा. ते पाणी मात्र पुरणाच्या येळवण्यासारखं जपा. त्यातल्या स्टार्चनं तेल आणि टोमॅटो एकजीव होतात, क्रीमची गरज उरत नाही. दोघांच्या 200 ग्रॅमला एक वाटी पुरे. दाटपणासाठी 40 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे सालं काढून, त्याच पाण्यात गुळगुळीत वाटा. सालं राहिली तर तुरट लागतं. वाटण घातल्यावर आच मंद ठेवा, मोठ्या आचेवर ते खाली धरतं. तेल करडईचं चालतं.

राहिल्या शेवया. बन्सी रव्याच्या हातशेवया पाण्यात शिजवल्या तर व्हीगनच आहेत, आणि त्या खाऊ नका असं मी कुठंही म्हटलेलं नाही. दुधातली खीर केलीत की नाहीत. पुढच्या वेळी लेख वाचून मग लिहा.