चाक! चाक कोणाचंय?

नवीन वर्षाबद्दल मला खरंच खूप आशा वाटत होती हो, अगदी विमान उतरेपर्यंत. सुट्टीवरून परत येताना वाटते ना तशी. यंदा लवकर उठायचं, फोन बेडरूमच्या बाहेर ठेवायचा, कोणावर चिडायचं नाही, सगळं खिडकीतून ढग बघता बघता ठरवून टाकलं होतं.

मग बॅगेज बेल्टपाशी आलो आणि तिथे काका भेटले.

साठीच्या आसपासचे असतील, मानेभोवती प्रवासातली ती उशी अजून तशीच, आणि पडद्यातून बॅगा जिथून बाहेर येतात ना, बरोब्बर तिथे मोक्याची जागा अडवून उभे. काम काय, तर येणारी प्रत्येक बॅग जाहीर करायची. कोणी सांगितलं नव्हतं. "निळी! निळी कोणाचीय? लाल रिबीनवाली!" की कोणीतरी मागून हात वर करणार, मग काका ती बॅग पट्ट्याला धरून फिरवून हँडल त्या माणसाच्या बाजूला करून देणार आणि वर "हॅपी न्यू इयर" म्हणणार. लोकही इतके थकलेले की दहा मिनिटांत सगळ्यांनी काकांना अधिकृतच मानून टाकलं, एका बाईंनी तर त्यांना विचारलं की अजून किती बॅगा यायच्यात. काका म्हणाले, "येतायत, येतायत, पॉझिटिव्ह राहा."

माझी बॅग आली ती तिरकी. काकांनी पुकारली, मी ओढून खाली घेतली आणि ती घेरी आल्यासारखी एका बाजूला कलंडली. चारातलं एक चाक गायब. मी वाकून ते भोक बघतोय तोवर मागून आवाज, "चाक! चाक कोणाचंय?"

खरंच सांगतो, बेल्टवरून एकटं चाक येत होतं. कोणी बनवलेल्या सीरियलमध्ये असतं तर मी चॅनेल बदललं असतं. दोन अवाढव्य ट्रंकांच्या मधे, ऐटीत, स्वतंत्र प्रवासी असल्यासारखं. आणि सगळे हसले. मी हात वर केला. स्वतःच्या बॅगेच्या चाकासाठी शंभर माणसांसमोर हात वर करणे यासाठी मी सुट्टी घेतली नव्हती. काकांनी चाक माझ्या तळहातावर ठेवलं, माझी मूठ मिटली आणि म्हणाले, "बघा, आलं की नाही परत? हे वर्ष तुम्हाला छान जाणार."

आता या चाकाबद्दल थोडं बोलू द्या, मूठभर राग अजून शिल्लक आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९ ला, आणि सुटकेसला चाकं लावायचं पेटंट बर्नार्ड सॅडो या गृहस्थांना मिळालं १९७२ ला. म्हणजे चंद्रावर जाऊन आलेल्या माणसालाही सुट्टीवर जाताना बॅग हातात उचलूनच न्यावी लागत होती. त्यातही सॅडोंची बॅग पट्ट्याने मागे ओढायची, ती ओढदांड्याची उभी बॅग रॉबर्ट प्लाथ नावाच्या पायलटने केली, १९८७ च्या सुमारास. इतक्या उशिरा मिळालेली गोष्ट आहे, निदान टिकू तरी द्या ना.

असो. तक्रार काउंटरवर गेलो. काका सोबत आले. का आले? माहीत नाही. बेल्टवर त्यांची बॅग नव्हतीच म्हणे, नुसती एक खांद्याला अडकवलेली होती, "गर्दी बघितली, म्हटलं मदत करू."

काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "काय हरवलंय सर?"
"हरवलं नाही, तुटलंय. चाक."
"चाक कुठाय?"
मी मूठ उघडली.
"म्हणजे मिळालंय."
"मिळालंय, पण बॅगेला नाहीये."
"बॅग मिळालीय ना?"
"ही काय."
"मग दोन्ही मिळालंय सर."

तो खूप शांतपणे म्हणाला हो, आणि काकांनी मान डोलावली, उशीसकट. मी म्हटलं, आंतरराष्ट्रीय प्रवास आहे, १९९९ चा माँट्रियल करार आहे, सामान मोडलं तर ७ दिवसांत लेखी तक्रार करायची असते, ती घ्या. करार म्हटल्यावर त्याने फॉर्म शोधायला खण उघडला, तेवढ्यात काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या ना, नवीन वर्ष आहे."

इथे माझं डोकं फिरलं. मला एक सांगा, 'नवीन वर्ष आहे' हे वाक्य नेहमी ज्याचं काहीच मोडलेलं नसतं तोच कसा म्हणतो? हप्ता उशिरा भरला तर बँक म्हणते का, जाऊ द्या, नवीन वर्ष आहे? सोडून द्यायचं ते फक्त आपण. आणि ही १ जानेवारी काय आकाशातून पडलीय का? इ.स.पू. १५३ पासून रोमचे नवे कॉन्सल, म्हणजे तिथले सर्वोच्च अधिकारी, त्या दिवशी कामावर रुजू व्हायला लागले, म्हणजे मूळ काय, तर ऑफिस जॉइन करायची तारीख. इंग्लंड तर १७५२ पर्यंत कायद्याने २५ मार्चला वर्ष सुरू करत होतं, बदल करताना त्यांचं १७५१ हे वर्ष २८२ दिवसांत आटपलं. उलट सीझरने कॅलेंडर ऋतूंशी जुळवायला इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं केलं. एवढं लांब वर्ष काढलेल्या माणसाने पुढच्याकडून आशा ठेवली तर मी समजू शकतो. हे सगळं मी काकांना तिथेच ऐकवलं. ते म्हणाले, "वाचन दांडगं आहे तुमचं," आणि काउंटरवरच्या मुलाला हॅपी न्यू इयर म्हणून निघून गेले. काही टोचलंच नाही त्यांना.

गंमत म्हणजे आशा गेलेली नाही. तीन चाकांवर, चौथा कोपरा उचलून धरत बाहेर आलो तेव्हाही मनात लवकर उठायचं चालूच होतं.

टॅक्सीत बसून तक्रारीची पावती वाचली. पोराने सवयीने गेल्या वर्षाचं साल टाकलंय. म्हणजे कागदोपत्री माझी बॅग मी प्रवासाला निघायच्या वर्षभर आधी मोडलीय आणि ७ दिवसांची मुदत कधीच संपलीय. फोन केला तर म्हणे दुरुस्ती फोनवर होत नाही, उद्या सकाळी काउंटरवर या आणि येताना बॅग घेऊन या.

चाकही आणायचंय, वेगळं.