विमा? आपल्याला काय होतंय!

बाइकचा विमा संपलाय? बिनधास्त राहा. तारीख उलटायच्या आत धावत जाऊन विमा काढणं हे नवख्यांचं लक्षण. पंच्याहत्तर ते दीडशे सीसीच्या साध्या बाइकच्या थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानाच्या, विम्याचा हप्ता वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी! तेवढ्यात दादरला चौघांची मिसळ होते, तीही पियूषसकट.

पहिल्यांदा पकडलं तर दंड दोन हजार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ मध्ये तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचंही लिहिलंय, पण कायदा वाचून कोणाचं भलं झालंय? वाढीव दंड देशात सप्टेंबर २०१९ मध्ये आले, आपल्या महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. सरकारने एवढं सबुरीनं घेतलं, मग तुम्हीच का धावपळ करताय?

दंड भरला म्हणजे विमा निघाला, अशी श्रद्धा ठेवा. पुढच्या वेळी चार हजार लागतील, कैदेची तरतूद तीच. चार हजारांत चार वर्षांचे हप्ते भागले असते, हे मान्य. पण हप्ता भरताना 'साहेब, जाऊ द्या ना' म्हणायची मजा कुठे? सायनच्या सिग्नलला ती मिळते. 'पेपर घरी राहिले' हे जरूर सांगा. हवालदार मशीनमध्ये नंबर टाकून विम्याची तारीख बघेपर्यंत तुमच्या चेहऱ्यावर आत्मविश्वास हवा.

खरी ऐट अपघातात. समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला, तर एरवी भरपाई विमा कंपनी देते. तो मान आता तुमचा. भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण गेलेल्याचं वय बघतं, पगार बघतं, मागे किती जण आहेत ते बघतं. घरातला कर्ता माणूस असेल तर आकडा सहज लाखांत जातो. तुमच्या फ्लॅटचा ईएमआय कितीचा आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. 'गाडी भाचा चालवत होता' असं सांगून बघा. भाच्याबरोबर मालक म्हणून तुमचंही नाव लागेल, घरातल्या घरात सोबत.

गाडीची तर काळजीच नको. ती पोलीस ठाण्यात उभी राहील. पुरेसं तारण दिल्याशिवाय सुटणार नाही, आणि तीन महिन्यांत दिलं नाहीत तर लिलावात जाईल. आलेले पैसे न्यायाधिकरणाकडे. उरलेली भरपाई तुम्ही भरत बसा. तोवर सोसायटीतली तुमची पार्किंगची जागा सेक्रेटरींच्या जावयाला मिळालेली असेल.