शायरची धून आणि बाबांची पेटी

भाचा सुट्टीला आलाय. वय 17, कानात कायम इअरबड्स. तीन रात्री बसून आम्ही 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे पाहिले, तेही लांबवाले, एकेक साडेतीन ते सव्वाचार तासांचा. तिसऱ्या रात्री दीड वाजता शेवटची नावं वर सरकत होती, मी नेहमीप्रमाणे डोळे पुसत होते, आणि हा म्हणाला, "मावशी, म्युझिक भारी आहे, पण तेच तेच येतं ना सारखं. कॉपी-पेस्ट."

रात्री दीड वाजता मी भांडत नाही. म्हणून हे इथे लिहितेय. लांब आहे, आधीच सांगते.

तर मुद्दा असा की ते 'तेच तेच' मुद्दाम आहे. संगीतकार हॉवर्ड शोर, कॅनडाचे. त्याआधी त्यांची ओळख म्हणजे डेव्हिड क्रोननबर्गचे अंगावर येणारे सिनेमे, 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज', 'सेव्हन' वगैरे. अशा माणसाला दिग्दर्शक पीटर जॅक्सनने हॉबिटांच्या (त्या गोष्टीतली बुटकी, साधी माणसं) हिरव्या टेकड्यांचं संगीत करायला बोलावलं, हेच मला अजून गमतीचं वाटतं. 2001, 2002, 2003 असे लागोपाठ तीन सिनेमे. अभ्यासकांनी मोजायला घेतलं तर त्यात ऐंशीच्या वर वेगवेगळ्या धुना निघाल्या. गावाची वेगळी, राज्याची वेगळी, अंगठीच्या एकटीच्याच तीन-चार. ऑपेरात वाग्नरने जे केलं त्याच घराण्यातलं काम आहे हे: माणूस, जागा किंवा वस्तू यांना सूर बांधून द्यायचे आणि गोष्ट पुढे जाईल तसे ते सूरही बदलत न्यायचे.

बदलत न्यायचे, हे महत्त्वाचं. भाच्याने ऐकलं ते 'परत आलं' एवढंच. परत येताना त्याचं काय झालेलं असतं ते त्याच्या कानातून निसटलं.

गोंडोर या राज्याचं घ्या. पहिल्या सिनेमात एल्रॉन्डच्या सभेत बोरोमीर आपल्या राज्याबद्दल बोलतो, तेव्हा मागे हळूच एक धून येते. कुणाचं लक्षही जात नाही. राज्यच तसं आहे ना तेव्हा, राजा नसलेलं, उतरणीला लागलेलं. मग तिसऱ्या सिनेमात पिपिन चोरून वर चढतो, मदतीची हाक देणारी पहिली मशाल लागते, आणि डोंगरामागून डोंगर पेटत जातात. तेव्हा तीच धून सगळ्या ब्रासनिशी (म्हणजे पितळी फुंकवाद्यांनिशी) अशी उसळते की सोफ्यावरची मांजर उठून गेली आमच्याकडे. थिएटरात ज्यांनी पाहिलं त्यांनी त्या सुरांसाठी दोन वर्षं वाट पाहिली होती, आणि आपण वाट पाहतोय हे त्यांना माहीतही नव्हतं. एवढा दम धरणारा माणूस आळशी म्हणायचा?

किंवा अंगठी नष्ट करायला निघालेल्या नऊ जणांच्या टोळीची धून, जी सगळ्यांना पाठ असते. ती पहिल्यापासून पूर्ण येतच नाही. फ्रोडो आणि सॅम हे हॉबिट दोघंच मक्याच्या शेतातून निघतात तेव्हा तिचा एक तुकडा, अगदी अंग चोरून. माणसं वाढतात तशी ती भरत जाते. नऊ झाले आणि एकामागून एक कॅमेऱ्यासमोरून ती खिंड ओलांडून गेले, की मग एकदाची छाती काढून येते. आणि त्यांच्यातला जादूगार गॅन्डाल्फ खाईत पडल्यावर? मोडून मोडून येते. माणूस गेलाय, तर धूनही धड कशी राहील. हे कुणी पडद्यावर बोलून दाखवत नाही.

आता बाबांचं सांगते, कारण ही पोस्ट खरं तर त्यांच्यामुळे झाली. बाबा 76, भजनी मंडळात पेटीवर. इंग्रजी सिनेमा म्हटलं की उठून जाणारे. पण सकाळी मी भाच्याला तावातावाने काहीतरी ऐकवत होते तर बाबांनी पेटी पुढे ओढली. शायरची, म्हणजे हॉबिटांच्या गावाची धून, ती टिन व्हिसलवरची (पत्र्याची छोटी, शिट्टीसारखी पावरी). "सा रे ग, प, ग रे सा… भूप आहे गं हा!" चेहरा खुलला एकदम. पुढची ओळ लावली. वरचा सा घेऊन परत येताना नि लागला, आणि मग म. बाबांनी भाता थांबवला. "नाही. फसवलं त्याने." दहा मिनिटं तेवढ्याच दोन ओळी वाजवत बसले.

मग मला चेव आला. लोथलोरिएनचं ऐकवलं, ते एल्व्हांचं जंगल. बाबा म्हणाले कोमल रे आणि शुद्ध ग, भैरवाच्या अंगाने चाललंय हे. ते अरबी संगीतातल्या हिजाझ मकामावर (मकाम म्हणजे तिकडचा रागच) बांधलंय, म्हणजे बाबांचा कान चुकला नाही. मग सारुमान या दुष्ट जादूगाराचा किल्ला, आयसेनगार्ड: लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका, वर ब्रास. बाबा मांडीवर मोजत राहिले. पाच. "अर्धा झपताल! पण वजन निराळं आहे." पाच मात्रांमुळेच ते यंत्र असं लंगडत अंगावर आल्यासारखं वाटतं. चार असते तर नुसती परेड झाली असती.

रोहान या घोडेस्वारांच्या राज्याच्या धुनेला मात्र ते गप्पच झाले. त्याच्या राजधानीला, एडोरासला पोचताना वाऱ्याने झेंडा फाटून उडतो, राजाची भाची एओविन पायरीवर उभी असते, आणि एकटं हार्डँगर फिडल वाजतं. नॉर्वेचं वाद्य. वाजवायच्या चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात, त्यांना गज लागत नाही, त्या आपोआप घुमतात. तरफाच की! आपल्या सारंगीला असतात तशा. म्हणून तो एकटा आवाज एकटा वाटत नाही, त्याच्यामागे कुणीतरी हुंदका दिल्यासारखं होतं. (पहिल्या आणि तिसऱ्या सिनेमाच्या संगीताला ऑस्कर मिळालं, हे रोहान ज्यात येतं त्या दुसऱ्याला साधं नामांकनसुद्धा नाही. माझा राग अजून गेलेला नाही.)

भाच्याला शेवटी पटलं ते बाबांच्या एका वाक्याने. "अरे, अभंगाचं ध्रुवपद प्रत्येक चरणानंतर तेच म्हणतो ना आपण? पण चौथ्या चरणानंतर ते पहिल्यासारखं लागतं का?" शायरची धून तिसऱ्या सिनेमात टिन व्हिसल सोडून बासरीवर आली आहे, वाजवणारे जेम्स गॉलवे. सूर तेच, पण पोरपण गेलंय त्यातलं. ज्वालामुखीच्या उतारावर सॅम फ्रोडोला विचारतो, शायर आठवतं का, स्ट्रॉबेरीची चव आठवते का. फ्रोडोला काहीच आठवत नाही. ती धून आपल्याला आठवते, त्याला नाही. त्या एका मिनिटासाठी आधीचे दहा तास 'तेच तेच' वाजवावं लागतं.

आता जरा कडू. हे सगळं इतक्या निगुतीने केलेल्या माणसाचंच संगीत 'हॉबिट'च्या तीन सिनेमांना (2012 ते 2014) आहे, आणि तिथे माझं मन खट्टू होतं. पहिल्या भागात बिल्बो या हॉबिटच्या घरी ड्वार्फ (दाढीवाले बुटके) शेकोटीपाशी बसून आपल्या गमावलेल्या डोंगराचं गाणं म्हणतात, खर्जातलं. ती चाल शोर यांची नव्हे, प्लॅन 9 नावाच्या चमूची, पण शोर यांनी ती उचलून सिनेमाभर मिरवली आणि ती शोभलीही. दुसऱ्या भागात ती गायब. तिसऱ्यात, जिथे तो डोंगर खरोखर मिळतो, तिथेही नाही! नाटकात पहिल्या अंकात ज्याला एवढं टाळ्या घेऊन आणलं त्याचं पुढे नावच नाही, असं झालं हे.

आणि दुसरं त्याहून वाईट. पहिल्याच भागाच्या शेवटी ड्वार्फांचा म्होरक्या थोरिन जळत्या झाडांमधून आपल्या वैऱ्यावर, अझोगवर चालून जातो, तेव्हा मागे वाजतं काय, तर नाझगुलांचं संगीत. ते काळे घोडेस्वार त्या प्रसंगात औषधालाही नाहीत. ऐकायला जोरदार वाटतं, कबूल. पण तीन सिनेमे मला शिकवलंत की हे सूर म्हणजे ते नऊ काळे घोडेस्वार, आणि आता म्हणताय की नाही, हे सूर म्हणजे नुसतं 'जोरदार'. कुणी ठरवलं, का ठरवलं, त्यात मला पडायचं नाही. भाच्याला 'कॉपी-पेस्ट' म्हणायचंच असेल तर इथे म्हण म्हणावं, मी हूं की चूं करणार नाही.

आज त्याने 'हॉबिट'चा पहिला भाग संपवला. जेवताना ते डोंगराचं गाणं गुणगुणत होता, आणि बाबा त्याला खालचा सूर सांभाळायला शिकवत होते. दुसरा भाग उद्या बघणार म्हणतोय. मी अजून काही सांगितलेलं नाही.