बघू

रविवारी घरी तांबडा-पांढरा करायचा ठरला, म्हणून तालमीतल्या जुन्या मित्राला मेसेज टाकला, 'दुपारी जेवायला ये.' उत्तर आलं, 'बघू.'

बाकी गावांत 'बघू' खपून जात असेल. कोल्हापुरात मटणाला 'बघू' म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रागावलेला. आजारी असता तर त्यानं सांगितलं असतं. म्हणजे रागावलाय. गेल्या खेपेला त्याच्याकडचा पांढरा रस्सा मी 'हलका झालाय' म्हणालो होतो. कौतुकच होतं ते. पण वहिनी तेव्हा दारातच उभ्या होत्या! रात्री दोनपर्यंत मी विचार करत करत, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका काही आपल्याला येत नाही, इथवर जाऊन पोचलो. पोरगी सहावीत आहे.

आमच्या घरात या दुखण्याला माप आहे. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारत असतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. बायकोनं तीच पट्टी माझ्या डोक्याला लावलीय. मी कूस बदलली की अंधारातून आवाज येतो, "किती फूट?"

"एक्केचाळीस."

"मग झोपा. धोक्याला अजून दोन फूट आहेत."

2019 ला आणि 2021 ला नदीनं पन्नाशी ओलांडली, पण शेवटी उतरली तरी. माझं उतरत नाही. राधानगरी धरणासारखेच माझेही सात दरवाजे स्वयंचलित आहेत. "नका हो एवढा विचार करू" एवढं कुणी म्हणायचा अवकाश, सातच्या सात उघडतात.

भाची मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, मामा, ते तसंच होणार. डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन माणसानं 1987 साली लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. बिचाऱ्यांचं निदान अस्वल तरी होतं. माझ्या डोक्यात पांढरा रस्सा, आणि पलीकडे वहिनी.

तिच्याकडे उपायही होता. बोर्कोवेक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 साली मांडलेला: काळजी दाबायची नाही, तिला रोजची वेळ आणि जागा नेमून द्यायची. अर्धा तास, ठरलेल्या ठिकाणी, अंथरुणात तर नाहीच. दिवसभरात विचार आला की त्याला सांगायचं, संध्याकाळी ये.

मी संध्याकाळी सहाची वेळ आणि रंकाळ्याचा काठ नेमला. इथंच चुकलो. रंकाळ्यावर एकट्या माणसाला अर्धा तास कोण बसू देतंय? पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी विचारलं, "काय, एकटाच?" चौथा शेजारी टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "घरात काय झालंय का?" काही झालं नव्हतं. पण ह्याला तसं का वाटलं? तोंड एवढं उतरलंय? डॉक्टरला दाखवावं? शेवटी भेळ घेतली. ती संपेपर्यंत मूळ काळजी काय होती तेच आठवेना, आणि ती आठवण्यात उरलेली वीस मिनिटं गेली. खरं सांगायचं तर त्या रात्री झोप बरी लागली. बायकोनं 'किती फूट' विचारलं तेव्हा मी घोरत होतो म्हणे.

रविवारी साडेबाराला मित्र दारात हजर. एक गाल टम्म सुजलेला.

"दाढ काढलीया रं. मटण चावतंय का बघू म्हटलं."

चावलं नाही. पण पांढऱ्याच्या सहा वाट्या सरळ नरड्याखाली गेल्या. हात धुताना तो म्हणाला, "रस्सा बरा झालाय."

बरा?

बायको ताटं उचलत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "एकोणचाळीस."